व्याह्यांचं अमेरिकेवरचं मत

शनिवारी सकाळी ऑकलंडच्या अल्बनी भागात मुलाच्या घरी पोचलो की सून दारातच तोंडावर बोट ठेवायची. आत डायनिंग टेबलावर तिचे वडील, म्हणजे आमचे व्याही, लॅपटॉपसमोर बसलेले असायचे. वर निळा ब्लेझर, टाय, नीट विंचरलेले पांढरे केस. खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि पायांत माझ्या मुलाच्या जँडल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला. समोर पडद्यावर त्यांच्यासारखेच आणखी तिघं: वॉशिंग्टनजवळ राहणारी एक अमेरिकन बाई, कैरोचे एक गृहस्थ आणि इथलाच, न्यूझीलंडमधल्या पोरिरुआचा एक गोरा म्हातारा. चौघंही निवृत्त राजदूत. अमेरिकेचं परराष्ट्र धोरण आणि युद्ध या विषयावर ते दर शनिवारी बोलायचे, आणि कुठून कुठून माणसं ते ऐकायची. तेवढा वेळ आम्ही घरात चोरासारखं वावरायचं. मिक्सर बंद, टीव्ही बंद, नात मागच्या अंगणात. मी हॅमिल्टनहून दीड तास गाडी चालवून आलेला, आणि चहासुद्धा खुणेनं मागायचा.

हॅमिल्टनच्या ‘ते रापा’ भागात माझं यार्ड आहे. डेअरी फार्मवरच्या जुन्या दुधाच्या टाक्या विकत घ्यायच्या, वेल्डिंग करायचं, पॉलिश करायचं, कूलिंग नवं बसवायचं आणि विकायच्या, हा माझा धंदा. सांगलीकडे दूध संघात मी फिटर होतो. इथे आलो तेव्हा पहिली काही वर्षं दुसऱ्यांच्या टाक्या आत उतरून घासल्या. मग एक मोडकी टाकी स्वतः घेतली. तिथून इथवर कुणाचं बोट धरून आलेलो नाही. आणि मुलाच्या लग्नात, पुण्यात, व्याह्यांनी आपल्या सूटबूटवाल्या पाहुण्यांशी माझी ओळख करून दिली ती अशी: "हे आमचे व्याही. न्यूझीलंडला भंगाराच्या व्यवसायात असतात."

पाहुणे हसले असते तरी चाललं असतं. त्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या.

बायको म्हणते, "अहो, त्यांना बिचाऱ्यांना तेच नाव माहीत असेल." मला ते पटत नाही. जन्मभर शब्द तोलायचा पगार घेतलेल्या माणसाला चालू टाकी आणि भंगार यांतला फरक कळत नाही? कळत होता. म्हणून तर ते माझ्या डोक्यातून जात नाही.

तर असे व्याही सहा महिन्यांच्या व्हिसावर लेकीकडे राहायला आलेले. त्यांच्या पत्नी आता नाहीत. त्याच सुमारास पश्चिम आशियात पुन्हा बॉम्ब पडायला लागले होते, त्यामुळे शनिवारच्या बैठकांना रंग चढला होता. मी सोफ्यावर बसून ऐकायचो. खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त राग याचा यायचा, की ही माणसं बरोबर बोलत होती.

अमेरिकन बाई म्हणायची, आम्ही एका टेबलावर वाटाघाटी करत बसायचो तेव्हा दुसरीकडे विमानं निघालेलीही असायची. मग आमच्या शब्दाला कोण विचारणार? कैरोचे गृहस्थ म्हणायचे, अमेरिका लढाई जिंकते आणि मग तिथल्या लोकांच्या घरातलं काही कळत नाही म्हणून हरते. पोरिरुआचा म्हातारा फार कमी बोलायचा. एकदा म्हणाला, "अण्वस्त्रांची जहाजं आमच्या बंदरात नकोत, असं आम्ही त्यांना तोंडावर सांगितलं होतं. मित्र होते तरी सांगितलं. ते रागावले. पण आम्ही अजून आहोत इथेच."

मला हे सगळं समजत होतं, कारण मी जन्मभर सौदेच केले आहेत. एखादा माणूस टाकीचा भाव करायला यार्डात येतो आणि बाहेर ट्रकमध्ये चार दांडगे बसवून ठेवतो. त्याला टाकी मिळेलही, पण पुढच्या वेळी कुणी त्याच्यासाठी फाटक उघडत नाही. एवढी साधी गोष्ट. ती सांगायला ब्लेझर कशाला लागतो?

एका शनिवारी ती बाई बोलली ते मात्र माझ्या मनात रुतून बसलं. युद्धाचा निर्णय ज्या खोलीत होतो तिथे मी बसलेली आहे, ती म्हणाली. तिथल्या बहुतेकांना युद्ध नको असतं. प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी बोलेल.

बैठक संपल्यावर मी व्याह्यांना म्हणालो, "बाईंना विचारा की, मग तुम्ही का नाही बोललात? खोलीत होता ना?"

"तेव्हा त्या पदावर होत्या, व्याहीबुवा. पदावर असताना असं बोलता येत नाही."

"म्हणजे पेन्शन सुरू झाली की अक्कल सुरू होते."

"अक्कल आधीही असते. परवानगी नंतर मिळते." ते हसले. त्यांना माझा राग कधीच आला नाही, त्यामुळे मला आणखी यायचा.

त्याच दुपारी जेवताना मुलानं विषय काढला. तो इंजिनियर आहे, सेन्सरवर काम करतो. अमेरिकेतल्या एका कंपनीनं त्याला बोलावलं होतं. पगार, घर, सगळं ते बघणार होते. कंपनी विमानांना दिशा कळावी म्हणून लागणारे भाग बनवते. "आणि क्षेपणास्त्रांनाही," तो म्हणाला, भाताकडे बघत. "माझा भाग नेमका कशात जाणार, ते मी मुलाखतीत विचारलं. सांगता येत नाही म्हणाले." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "बाबा, काय करू?"

एकुलता एक मुलगा. जिला दर शनिवारी बघता यावं म्हणून मी दीड तास गाडी मारतो ती नात जगाच्या दुसऱ्या टोकाला जाणार. आणि मुलाच्या हातचं काम कुणाच्या घरावर जाऊन पडणार ते त्यालाही कळणार नाही.

पण मी ते बोललो नाही. आमच्या धंद्यात एखादी टाकी फार आवडली की मी तिच्याकडे बघतच नाही. कुंपणाकडे बघतो, गवत वाढलंय म्हणतो. शेतकरी आपणहून भाव खाली आणतो. तीस वर्षांची सवय. मी पोळीचा तुकडा मोडला आणि म्हणालो, "चांगलं आहे. बघ तुला काय वाटतं ते." माझा हिशेब असा की आठवडाभर पोरगा अस्वस्थ होईल, परत विचारायला येईल, मग मी माझं म्हणणं मांडीन. आपणहून विचारायला आलेल्याला ऐकावं लागतं.

मग त्यानं सासऱ्यांकडे पाहिलं. "अप्पा, तुम्ही?"

व्याह्यांनी रुमालानं ओठ टिपले. "संधी मोठी आहे, जावईबापू. दोन्ही बाजूंचा नीट विचार करा."

सून नातीला घास भरवत होती, आणि घास जरा जोरात भरवत होती.

पुढचे दोन आठवडे मला नीट झोप नव्हती. यार्डात वेल्डरवर ओरडलो, एका चांगल्या गिऱ्हाइकाला उगाच परत पाठवलं. मुलाचा फोन आला की वाटायचं, आता विचारेल. तो हवामान सांगायचा. मी मनात एक योजना आखली होती. मी बोललो तर त्याला वाटणार, बाप धंद्याला माणूस हवा म्हणून अडवतोय. व्याही बोलले तर गोष्ट वेगळी. जो माणूस दर शनिवारी साऱ्या जगाला सांगतो की हे युद्ध चूक आहे, त्यानं जावयाला एकदा सांगितलं की काम फत्ते.

दोन आठवड्यांनंतरच्या शनिवारी मी व्याह्यांना अल्बनीच्या तळ्याभोवती फिरायला नेलं.

"व्याहीबुवा, पोराला नको म्हणून सांगा."

"मी?"

"तुम्हीच. आज सकाळी काय बोललात ते सगळं त्याला सांगा. मी तुमच्या मागे उभा राहतो."

"सकाळी मी धोरणाबद्दल बोलत होतो."

"आणि आत्ता?"

"आत्ता आपण घराबद्दल बोलतोय." ते थांबले. "मी मुलीचा बाप आहे. जावयाच्या नोकरीत मी तोंड घालणं बरं दिसत नाही. तुम्ही मुलाचे वडील, तुम्ही हक्कानं सांगू शकता."

"मला अडचण आहे."

"मलाही आहे."

"तुम्हाला नक्की काय हवंय ते एकदा सांगा तरी! त्यानं जावं की राहावं?"

"मला मुलगी सुखात असावी एवढंच हवंय."

हे ऐकून माझं डोकं फिरलं. समोरचा माणूस भावाऐवजी रीतभात काढायला लागला की त्याच्या खिशात दुसरं गिऱ्हाईक असतं, हा माझा अनुभव आहे. मला वाटलं, कळलं. यांना मुलगी अमेरिकेत हवी आहे. पुण्याच्या क्लबात सांगायला. सकाळी अमेरिकेला नावं ठेवायची आणि दुपारी जावई तिकडे पाठवायचा. "तुमच्यापेक्षा माझा भंगारवाला बरा," मी म्हणालो. "तो निदान लोखंडाला लोखंड म्हणतो." त्यांनी तळ्यातल्या बदकांकडे बघितलं आणि पाणी किती स्वच्छ ठेवलंय म्हणाले.

मी ठरवलं, आता चार लोकांसमोर विचारायचं.

त्यापुढच्या शनिवारी बैठकीच्या शेवटी ऐकणाऱ्यांचे प्रश्न सुरू झाले. मी सोफ्यावरून उठलो, व्याह्यांच्या खुर्चीमागे गेलो आणि कॅमेऱ्यात वाकलो. स्वयंपाकघरातून सून "बाबा, बाबा" म्हणत हात हलवत होती.

"माझा एक प्रश्न आहे," मी माझ्या यार्डातल्या इंग्रजीत म्हणालो.

"कीया ओरा," पोरिरुआच्या म्हाताऱ्यानं माओरीत नमस्कार केला. "आपण कोण?"

व्याह्याला इंग्रजीत शब्द नाही. "यांच्या मुलीच्या नवऱ्याचा बाप," मी म्हणालो. "मला या साहेबांना विचारायचंय. क्षेपणास्त्राला वाट दाखवणारे भाग जी कंपनी बनवते, तिथे तुमचाच जावई नोकरीला निघाला तर त्याला काय सांगाल? जा, की नको जाऊ? दोन्ही बाजू नकोत. एक बाजू सांगा."

अमेरिकन बाई खुर्चीत पुढे सरकली. व्याह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. इतक्या जवळून मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. ब्लेझरची कॉलर घामानं ओली झाली होती.

"हा कौटुंबिक प्रश्न आहे," ते म्हणाले, "आणि या व्यासपीठावर..."

"उत्तर द्या हो," बाई म्हणाली. "मलाही ऐकायचंय."

"मी त्याला," व्याही थांबले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "मी त्याला जाऊ नको म्हणून सांगेन. मी सांगायला हवं होतं."

आणि त्यांनी लॅपटॉप मिटला. निरोप नाही, आभार नाहीत. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी असं कधी केलं नसेल.

मी जिंकलो होतो. वळून बघतो तर गॅरेजच्या दारात मुलगा उभा. हातात नातीची सायकल, बोटांना चेनचं ग्रीस.

"ऐकलंस ना?" मी म्हणालो. "तुझ्या सासऱ्यांच्याच तोंडून."

"बाबा, मी गुरुवारी सही केली."

"सही? कुणाला विचारून?"

"दोघांना विचारून!" तो माझ्यासारखाच ओरडतो, हे मी विसरलो होतो. "तुमच्यासमोर बसून विचारलं. तुम्ही म्हणालात चांगलं आहे. अप्पा म्हणाले संधी मोठी आहे. दोन्ही घरांचा होकार मिळाला असं मी समजलो. आणखी काय समजायचं?"

"अरे, मी चांगलं आहे म्हणालो म्हणजे..."

"म्हणजे काय? मी गिऱ्हाईक आहे का तुमचं?"

सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती फार्मसीत काम करते, आवाज कधी चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही. "मला नव्हतं जायचं," ती म्हणाली. "मी ह्याला सांगितलं होतं. हा म्हणाला, अगं, तुझ्या वडिलांनाच हवंय. मग मी अप्पांना काय विचारणार? मला वाटलं, बाबा तरी अडवतील. बाबा कुणालाही अडवतात."

"आणि तुला?" मी मुलाला विचारलं. "तुला हवं होतं?"

तो बोटांवरचं ग्रीस पँटला पुसत राहिला. "काम मोठं आहे, बाबा. तसली लॅब इथे नाही. हवं होतं. आणि रात्री झोपही येत नव्हती. कुणीतरी एकदा सरळ नको म्हणावं, असं वाटत होतं."

"मग आता म्हणतो. नको. सही झाली म्हणून काय झालं, माल अजून यार्डाबाहेर पडलेला नाही."

"मी शब्द दिलाय. झालेल्या सौद्यातून मागे फिरणाऱ्याला तुम्ही यार्डात उभं करत नाही."

"सायकल झाली का?" नातीनं अंगणातून इंग्रजीत विचारलं. मी व्याह्यांकडे वळलो, कारण कुणाकडे तरी वळायलाच हवं होतं. "ऐकलंत? तुमच्या रीतभातीनं काय केलं ते?"

"ऐकलं," ते म्हणाले. "तुमच्या पोळीच्या तुकड्यानंही केलं."

मुलगा, सून आणि नात, तिघंही गेली. विमानतळावर पार्किंगपासून दारापर्यंत मी मुलाला जाऊ नकोस म्हणत होतो, सरळ, मोठ्यानं, लोक बघत होते तरी. त्यानं मला मिठी मारली. "दोन महिने उशीर झाला, बाबा," एवढंच म्हणाला. घर रिकामं झालं. व्याह्यांचं परतीचं तिकीट अजून महिन्याभरानंतरचं, आणि अमेरिकेला जायला ते तयार नाहीत. बायको म्हणाली, "त्यांना हॉटेलात ठेवणार का आता?" म्हणून ते आमच्याकडे हॅमिल्टनला आले.

घरचं इंटरनेट त्यांना पुरेना, तेव्हा शनिवारी त्यांना यार्डातल्या ऑफिसात बसवावं लागलं. त्यांच्यासाठी ग्राइंडर बंद. पहिल्याच बैठकीत त्यांनी सुरुवातीला सांगून टाकलं: माझा जावई अशा कंपनीत काम करतो, मी त्याला अडवलं नाही, ते लक्षात ठेवून माझं ऐका. पोरिरुआच्या म्हाताऱ्यानं कॅमेऱ्यासमोर हळूच मान लववली. बाई म्हणाली, तुम्ही बोललात ते बरं केलंत. मी बाहेर टाकीला टेकून ऐकत होतो आणि माझं रक्त तापलं. बरं काय केलंत? माणूस निघून गेल्यावर बोलायला काय लागतं?

टीव्हीवर पडलेल्या भिंती दाखवतात तेव्हा मी ढिगाऱ्यातल्या धातूच्या तुकड्यांकडे बघतो. स्टेनलेस की ॲल्युमिनियम, ते मला लगेच कळतं. कुणी बनवलंय ते कळत नाही. व्याही चॅनल बदलतात. मी परत लावतो. यावरून आमची रोज भांडणं होतात, आणि भांडण संपलं की दोघांनाही करमत नाही.

गेल्या रविवारी दुपारी मुलाचा फोन आला. व्याही शेजारीच बसले होते. नात सांगत होती की तिकडच्या स्कूल बस पिवळ्या असतात. मग मुलगा आला.

"काम कसं चाललंय?"

"चाललंय."

"कशात जातो तुझा भाग? कळलं का काही?"

"सांगता येत नाही, बाबा." पूर्वी त्याला माहीत नव्हतं. आता माहीत होतं, हे त्याच्या आवाजावरून कळलं.

मी कुंपणाकडे बघितलं नाही. "परत ये," म्हणालो.

"दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट आहे."

"वर्षात ये."

"असं चालत नाही, बाबा."

व्याह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "जावईबापू, मीही सांगतो. मुलीचा बाप म्हणून नाही, नुसता सांगतो. परत या."

तिकडून सुनेचा आवाज आला, जरा लांबून. "बाबा, सोडू नका. लावून धरा."

मी फोन परत घेतला आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"पावणेदोन वर्षं," मुलगा म्हणाला.

"सव्वा," मी म्हणालो. "आणि त्याच्यावर मी जाणार नाही."